एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी

घरात एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे खटके) बसवले, म्हणजे आता शॉकची भीती नाही, असं मानणारे कोल्हापुरात भरपूर भेटतात. हा समज जिवावर बेतणारा आहे. एमसीबी शॉकपासून वाचवण्यासाठी बनवलेलाच नाही. ते काम त्याच बोर्डात, त्याच्या शेजारी बसणाऱ्या आरसीसीबीचं, ज्याला आपले वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. दोन्ही एकाच पट्टीवर बसतात, दोन्हींना खटका असतो, म्हणून गल्लत होते.

एमसीबी फक्त करंट किती जातोय ते बघतो. लोड जास्त झाला की आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्टसर्किट झालं तर कॉइल क्षणात पाडते. 16 अँपिअरच्या एमसीबीतून 18 अँपिअर गेले, तरी तो तासभर पडत नाही. 23 च्या पुढे गेले तर तासाभरात पडतो. घरात नेहमी लागतो त्या सी प्रकारात कॉइल 5 ते 10 पटींवर, म्हणजे 80 ते 160 अँपिअरला काम करते. एवढी सवड चालते, कारण वायर तापायला वेळ लागतो.

आता माणसाचा हिशोब. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला शरीरातून 0.23 अँपिअर जातात. छताचा साधा पंखा याहून जास्त घेतो. एमसीबीला त्यात काहीच वावगं दिसत नाही, तो निवांत चालू राहतो. हृदयाचे ठोके बिघडायला मात्र याच्या निम्मा करंटही पुरतो.

आरसीसीबी करंट किती आहे हे बघतच नाही. फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो तपासतो. दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. हिशोब जुळला तर कडं शांत, फरक पडला तर करंट कुठून तरी जमिनीत चाललाय. कदाचित गिझरच्या पत्र्यातून, कदाचित कुणाच्या अंगातून. घरासाठी हा फरक 30 मिलिअँपिअर, म्हणजे 0.03 अँपिअर, ठरलेला आहे. तेवढा झाला की 0.3 सेकंदाच्या आत लाइन तुटते. 100 किंवा 300 मिलिअँपिअरचे आरसीसीबीही मिळतात, पण ते मुख्यतः आगीपासून बचावासाठी. माणसासाठी 30 चाच घ्यावा.

आरसीसीबीवर 40 अँपिअर असं काही लिहिलेलं असतं, तिथे बरेच जण फसतात. तो आकडा म्हणजे त्याचे कॉन्टॅक्ट किती करंट सोसतील ते. त्यापुढे गेलं तर तो पडेल, असा त्याचा अर्थ नाही. फेज-न्यूट्रल शॉर्ट झालं तरी गेलेलं आणि आलेलं सारखंच, म्हणून आरसीसीबी ढिम्म. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तरी तेच. म्हणून एकाला दुसऱ्याचा पर्याय मानता येत नाही. जागा कमी असेल तर दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ मिळतो. निदान गिझरच्या लाइनला तो लावाच.

आणि अर्थिंग? ते हवंच. अर्थिंग चांगलं असेल तर गिझरचा पत्रा लाइव्ह होताक्षणी आरसीसीबी पडतो. नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत तो वाट बघतो.

आपल्याकडच्या पावसात भिंतींना ओल येते आणि आरसीसीबी वारंवार पडू लागतो. मग कुणीतरी तो बायपास करून देतो, घरचे खूश. माझ्या मते घराच्या वायरिंगमध्ये याहून घातक काम नाही, कारण तो पडत होता तो बहुतेक वेळा करंटची गळती होती म्हणूनच. कोणत्या खोलीची लाइन काढली की तो टिकतो, ते शोधावं. इन्व्हर्टर असेल तर आधी न्यूट्रल तपासावा: इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल एकत्र बांधला की हिशोब चुकतो आणि गळती नसतानाही खटका पडतो. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा, लाइट चालू असताना दाबावं. दाबल्यावर पडला नाही, तर तो निकामी झालाय. पडला म्हणून अर्थिंगही ठीक आहे, असं मात्र समजू नये.

2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कितीतरी बोर्ड बुडाले. बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी उन्हात वाळवला की खटका वर-खाली होतो, लाइट लागते, सगळं ठीक वाटतं. पण आत गाळ बसलेला असतो, स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट गंजायला लागलेले असतात. पाण्याखाली गेलेले दोन्ही ब्रेकर काढून नवे बसवायचे, आणि वायरिंगचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही.