अ‍ॅटनबरो मूळचे कुठले?

निसर्गपटांतल्या त्या दबक्या, कुजबुजत्या निवेदनामुळे डेव्हिड अ‍ॅटनबरो आपल्याकडे घराघरांत पोचले. त्यांचे थोरले बंधू रिचर्ड हे तर गांधीजींवर चित्रपट काढणारे म्हणून त्याही आधीपासून माहीत. त्यामुळे हे आडनाव आपल्या कानाला इतकं सवयीचं झालंय, की खुद्द इंग्लंडमध्ये ते फार थोड्या घरांचं आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्मिथ आणि जोन्स तिकडे लाखांनी मोजावे लागतात. अ‍ॅटनबरो त्या मानाने मूठभर, आणि जुन्या नोंदींत शोधायला गेलं तर बरेचसे एकाच टापूत सापडणारे.

तो टापू नॉटिंगहॅमशायरचा. नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं गावच आहे. सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलचा सेनानी आणि जावई हेन्री आयर्टन याचा १६११ साली बाप्तिस्मा झाला तो इथल्या चर्चमध्ये. विसाव्या शतकात नदीकाठची खडी उपसून उपसून गावाजवळ मोठाले खड्डे पडले, त्यांत पाणी साचलं, पक्षी आले आणि तिथे अभयारण्य झालं. १९६६ मध्ये त्याचं उद्घाटन करायला डेव्हिड अ‍ॅटनबरोंनाच बोलावलं होतं. एवढा जुळून आलेला योग कोणती समिती सोडेल!

पण गावाचं नाव आडनाव म्हणून चिकटतं ते त्या गावात नव्हे. अ‍ॅटनबरोत सगळेच अ‍ॅटनबरोचे. तिथे कुणाला तसं हाक मारून काय उपयोग? माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक त्याला ‘तो अमक्या गावचा’ म्हणून ओळखू लागतात. आपली ‘कर’ लावलेली आडनावंही याच रीतीने पडली. म्हणजे पहिला अ‍ॅटनबरो गावाबाहेर शोधायचा, पण फार लांब नाही. ज्या गावाचं नाव नव्या शेजाऱ्यांना ठाऊकच नाही, ते आडनाव म्हणून टिकत नाही.

इंग्लंडात पिढीजात आडनावं रुजली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर. सुरुवातीला जमीनदारांत, कारण जमीन बापाकडून मुलाकडे जाताना नाव कामाला येतं. शेतकरी, कारागीर यांच्यापर्यंत ती हळूहळू उतरली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आणि मध्य इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना कायमचं आडनाव होतं. उत्तरेकडे आणखी वेळ लागला. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसली, तिच्या याद्या संशोधकांना आज सोन्यासारख्या वाटतात. त्यानंतर १५३८ पासून चर्चने बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी ठेवाव्यात असा हुकूम निघाला. नोंद करणारा पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा, त्यामुळे एकाच घराण्याची दोन-तीन स्पेलिंगं होणं ही रोजची गोष्ट. अ‍ॅटनबरोचंही तसंच झालं.

आडनावांचा भूगोल मांडायचा पहिला मोठा प्रयत्न हेन्री ब्रूम गपी यांनी १८९० मध्ये केला. हे गृहस्थ पेशाने नौदलातले शल्यचिकित्सक, आणि पुढे अभ्यास केला तो प्रवाळ बेटांचा आणि वनस्पतींच्या बिया समुद्रातून कशा पसरतात याचा. आडनावांकडेही त्यांनी त्याच नजरेने पाहिलं. व्यापारी निर्देशिका घेऊन त्यांनी प्रत्येक काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली. मजूर आणि व्यापारी हिंडतात, शेतकरी जमिनीला धरून राहतो, म्हणून मूळ ठिकाण त्याच्याकडून कळेल, हा त्यांचा तर्क. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. पुढे १८८१ ची संपूर्ण जनगणना संगणकावर चढवली गेली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या भूगोलतज्ज्ञांनी त्या वर्षीचे आणि १९९८ चे आडनावांचे नकाशे शेजारी शेजारी मांडले. कारखाने, रेल्वे, दोन महायुद्धं एवढं सगळं होऊनही असंख्य दुर्मिळ आडनावांची दाटी सातशे वर्षांपूर्वीच्या जागेपासून फारशी हललेली नाही.

अ‍ॅटनबरो बंधूंचंच घ्या. त्यांचे वडील फ्रेडरिक १८८७ मध्ये जन्मले ते स्टेपलफर्डला, एका बेकरीवाल्याच्या घरी. स्टेपलफर्ड ते अ‍ॅटनबरो हे अंतर सरळ रेषेत जेमतेम चार किलोमीटर.

हे फ्रेडरिक पुढे अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक झाले आणि १९३२ ते १९५१ लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४८ मध्ये, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी तिथे स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. १९६५ मध्ये तिथेच इंग्लिश आडनावांचं काउंटीवार सर्वेक्षण हाती घेतलं गेलं. १९८४ च्या सप्टेंबरात त्याच लेस्टरमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे माणसागणिक वेगळे असतात हे दिसलं. आडनावांचे कागद आणि डीएनए तपासायचं तंत्र एकाच विद्यापीठात वाढलं. दोन्ही एकत्र आणायचं काम तिथल्याच जनुकशास्त्रज्ञ ट्यूरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी केलं.

मूळ कल्पना सरळ आहे. इंग्लंडात आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. माणसाच्या पेशीतल्या गुणसूत्रांपैकी वाय गुणसूत्रही बापाकडून फक्त मुलाकडेच जातं, आणि त्याचा बहुतेक भाग दुसऱ्या कुठल्याही गुणसूत्राशी अदलाबदल न करता जसाच्या तसा उतरतो. त्यावर काही ठिकाणी डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात ११ वेळा, कुणात १४ वेळा. हे आकडे क्वचित, बऱ्याच पिढ्यांतून एखाद्या वेळी, एकाने वाढतात किंवा घटतात. अशा १५-२० जागांचे आकडे जुळले, तर दोन पुरुषांचा पितृकुळातला समान पूर्वज फार जुना नाही असं म्हणता येतं. एखाददुसरा आकडा चुकला तर तो थोडा मागे गेला. तेव्हा एका आडनावाचे सगळे पुरुष खरोखर एका पुरुषापासून आलेले असतील, तर त्यांची वाय गुणसूत्रं जवळपास सारखी निघायला हवीत.

ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी हे २००० साली स्वतःच्याच आडनावावर करून पाहिलं. साइक्स हे नाव ओढ्याच्या काठी राहणाऱ्याला पडलेलं. यॉर्कशायरमध्ये ओढ्यांना तोटा नाही, त्यामुळे हे आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं असणार अशीच सर्वांची समजूत होती. ४८ साइक्स पुरुष तपासले, तर त्यांतल्या २१ जणांचं गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं.

किंग आणि जॉब्लिंग यांचा २००९ चा अभ्यास यापेक्षा कितीतरी मोठा. ४० आडनावं, १६७८ पुरुष. स्मिथांमध्ये काहीच जुळेना. दोन स्मिथ आणि रस्त्यावरचे कुठलेही दोन इंग्रज यांत फरक नव्हता. तेही साहजिकच, स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता. उलट अ‍ॅटनबरो आणि त्याची वेगवेगळी स्पेलिंगं लावणाऱ्यांपैकी ८७ टक्के पुरुषांचं वाय गुणसूत्र एकाच कुळातलं होतं. शिवाय ते कुळ ब्रिटनमध्ये क्वचितच आढळणारं. त्यामुळे ही जुळणी योगायोगाची असण्याची शक्यता फारच कमी.

इथे बरेच जण थांबतात आणि ‘सगळे अ‍ॅटनबरो एका बापाचे’ असं छापून मोकळे होतात. त्या संशोधकांनी मात्र घाई केली नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी एका शैक्षणिक नियतकालिकात वाचकांना कोडं घातलं: प्रत्येक पुरुषाला शून्य, एक, दोन असे किती मुलगे होण्याची शक्यता आहे हे ठाऊक असेल, तर अमुक पिढ्यांनंतर किती आडनावं नामशेष झालेली असतील? पाद्री आणि गणिती असलेले हेन्री वॉटसन यांनी उत्तर पाठवलं आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून ते प्रसिद्ध केलं. वॉटसन यांच्या मांडणीतून सगळीच आडनावं शेवटी बुडणार असा निष्कर्ष निघत होता. तो चुकीचा होता. सरासरी एकाहून जास्त मुलगे होत असतील तर काही घराणी कायम तग धरू शकतात, आणि फ्रेंच गणिती बिएनेमे यांनी हे १८४५ मध्येच ओळखलं होतं. पण वॉटसनची पद्धत बरोबर होती आणि आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते.

त्या पद्धतीने एक हिशेब करून पाहू. लोकसंख्या स्थिर आहे, दर पुरुषामागे सरासरी एक मुलगा, बाकी सारं नशीब. पहिल्याच पिढीत ३७ टक्के पुरुषांचं नाव पुढे चालवायला कुणी उरत नाही. पाच पिढ्यांत ७३ टक्के घराणी संपतात, दहा पिढ्यांत ८४ टक्के, वीस पिढ्यांत ९१ टक्के. ना साथ, ना युद्ध, ना दुष्काळ. फक्त मुली झाल्या किंवा मुलगे वाचले नाहीत एवढ्यानेच. आणि ज्या नऊ टक्क्यांचं घराणं टिकलं, त्यांचे वंशज मात्र सरासरी अकरा-बारा झालेले असतात. प्रत्यक्षात तर १३४८ ची प्लेगची काळी साथ ऐन आडनावं रुजण्याच्या काळात आली.

आता अ‍ॅटनबरोंकडे वळा. समजा, गावातून चार माणसं चार दिशांना गेली आणि चौघांनाही तेच नाव पडलं. सातशे वर्षांत तिघांचे वंश बुडाले आणि चौथ्याचा फोफावला, तरी आज आपल्याला दिसणारं चित्र अगदी हेच असेल. गुणसूत्र उरलेल्यांची साक्ष देतं, सुरुवातीला किती जण होते ते सांगत नाही. ‘मूळ पुरुष’ हा बहुधा फक्त नशीबवान पुरुष असतो, असं माझं मत आहे. घराण्याच्या अभिमानाला ते फारसं मानवणारं नाही.

मग उरलेल्या १३ टक्के अ‍ॅटनबरोंचं काय? दत्तक, सावत्र बापाचं नाव लावणं, लग्नाआधी झालेल्या मुलाने आईचं आडनाव घेणं, सासऱ्याच्या इस्टेटीसाठी जावयाने नाव बदलणं, यांतलं काहीही. आणि अर्थात शेजारी. दर पिढीला एक टक्का मुलांमध्ये बाप आणि आडनाव यांची फारकत होते असं धरलं, तर सातशे वर्षांनी, म्हणजे सुमारे २३ पिढ्यांनंतर ७९ टक्के जुळलेले उरतात. दोन टक्के धरले तर ६३. म्हणजे ८७ टक्के हा आकडा दर पिढीला एक टक्क्याहूनही कमी फारकत सुचवतो. दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांतही हे प्रमाण सुमारे एक टक्काच येतं. जुन्या काळच्या चावडीवरच्या गप्पा ऐकल्या तर ते दहापट वाटेल!

राजघराणीही याला अपवाद नाहीत. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला, तेव्हा डीएनए तपासणीचं नेतृत्व ट्यूरी किंग यांनीच केलं. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए राजाच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी जुळला. वाय गुणसूत्र तपासायला कागदोपत्री राजाच्याच पितृकुळातल्या बोफर्टच्या पाचव्या ड्यूकचे पाच हयात वंशज घेतले होते. राजाचं गुणसूत्र पाचांपैकी एकाशीही जुळलं नाही, आणि त्या पाचांतलाही एक बाकी चौघांपेक्षा वेगळा निघाला. वंशावळीचा कागद अगदी निर्दोष होता.

दुर्मिळ आडनावाने सगळ्यात मोठा धक्का दिला तो यॉर्कशायरमध्ये. पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच असलेल्या एका गोऱ्या माणसाचं वाय गुणसूत्र आफ्रिकेबाहेर जवळजवळ न दिसणाऱ्या, मानवी वंशवृक्षातल्या सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एकीचं निघालं. नातेवाइकांचा पत्ता नव्हता, पण आडनाव दुर्मिळ होतं आणि पूर्व यॉर्कशायरपुरतंच. तेच आडनाव लावणारे आणखी १८ पुरुष शोधले. त्यांतल्या सात जणांत तेच गुणसूत्र. कागदपत्रांतून दोन वंशावळी लागल्या, दोन्हींचे मूळ पुरुष अठराव्या शतकाच्या अखेरचे. त्याआधी काही पिढ्यांमागे दोन्ही एकत्र येत असाव्यात, असं गुणसूत्रांवरून दिसत होतं. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला कुणी पुरुष त्याआधीच इंग्लंडात येऊन मिसळून गेला होता. हा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी ते आडनाव छापलं नाही, फक्त पहिलं अक्षर दिलं.

तसं करायला कारण होतं. २००६ मध्ये याच गटाने एकाच आडनावाच्या दीडशे जोड्या तपासून दाखवलं होतं, की आडनाव जितकं दुर्मिळ तितकी गुणसूत्र जुळण्याची शक्यता जास्त. हेच उलट दिशेने वाचलं, की गुन्ह्याच्या ठिकाणी सापडलेल्या रक्तावरून आडनावाचा अंदाज बांधता येतो. २०१३ मध्ये अमेरिकेत यानिव एर्लिख यांच्या गटाने तर नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिलेले जनुकीय नमुने घेतले. वंशावळीच्या हौशी लोकांनी इंटरनेटवर खुल्या ठेवलेल्या याद्यांतून त्यांची आडनावं काढली, त्याला वय आणि राज्य जोडलं आणि जवळपास ५० जणांची ओळख पटवून दाखवली. तिथल्या गोऱ्या पुरुषांपैकी सुमारे १२ टक्क्यांचं आडनाव असं काढता येईल, हा त्यांचा अंदाज. त्यासाठी त्या माणसाने स्वतः कुठेही थुंकी द्यायची गरज नसते. आडनाव पुरेसं दुर्मिळ असेल, तर कधीही न भेटलेल्या चुलत-चुलत भावाने हौसेने केलेली तपासणीही चालते.