दौऱ्याचा कर्णधार आणि कसोटीचा कर्णधार

इंदूरच्या मराठी मंडळांत क्रिकेटवर प्रश्नमंजूषा ठेवली की एका प्रश्नावर हमखास वाद होतो: १९३२ साली इंग्लंडमध्ये भारताचा कर्णधार कोण होता? होळकरांच्या गावात उत्तर निघतं ते कर्नल सी. के. नायडू. मग एखादे जाणकार काका पोरबंदरच्या महाराजांचं नाव घेतात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण मुळात ती पदंच दोन आहेत.

दौऱ्याचा कर्णधार संघ निघण्याआधी नेमला जातो. पाहुणचार आणि भाषणांपासून रोजच्या सामन्यापर्यंत संघाचा प्रमुख तोच. कसोटीचा कर्णधार म्हणजे त्या सामन्यात नाणेफेकीला जाणारा, गोलंदाज बदलणारा, क्षेत्ररचना लावणारा. विक्रमांच्या यादीत नाव येतं ते याचं. बहुतेक वेळा माणूस एकच असतो, म्हणून फरक डोळ्यांत येत नाही.

१९३२ मध्ये तो ठळक दिसला. आधी नेमणूक झाली होती पतियाळाच्या महाराजांची. ते गेले नाहीत. मग पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार झाले. या निवडीत खेळापेक्षा हुद्दा पाहिला गेला, कारण संस्थानिकांच्या आश्रयाशिवाय त्या काळी असा दौरा उभा राहणं अवघड होतं. पोरबंदरचे महाराज मोजके सामने खेळून आपणहून बाजूला झाले. आपल्या खेळाची मर्यादा ओळखून जागा सोडणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचं श्रेय त्यांना फार कमी मिळतं. घनश्यामसिंहजी दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. २५ जूनला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली ती नायडूंच्या नेतृत्वाखाली. इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती! हाताला लागलेलं असतानाही नायडूंनी पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. सामना १५८ धावांनी गेला, पण पहिला कसोटी कर्णधार म्हणून नाव लागलं ते त्यांचं. पोरबंदरचे महाराज कसोटी खेळलेच नाहीत, त्यामुळे त्या यादीत ते येत नाहीत.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी दोन्ही पदं स्वतःकडे ठेवली. तिन्ही कसोट्यांत मिळून ३३ धावा, सरासरी ८.२५. लाला अमरनाथांना पहिल्या कसोटीआधीच घरी पाठवलं गेलं. नायडूंसारखा माणूस हाताशी असताना हे व्हावं, याची चीड मला आजही येते.

इंदुरात मात्र कामांची वाटणी स्वच्छ होती. आश्रय होळकरांचा, मैदानावरचा शब्द नायडूंचा. चंदू सरवटे, मुश्ताक अली, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंच्या होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला.

पुढेही असे प्रसंग आले. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार बडोद्याचे दत्ताजी गायकवाड. मॅनेजर होते बडोद्याचेच महाराज फत्तेसिंहराव गायकवाड, त्यामुळे आडनावावरून आणखी गोंधळ होतो. दत्ताजी आजारी पडले म्हणून लॉर्ड्स कसोटीत पंकज रॉय कर्णधार होते, उरलेल्या चार कसोट्यांत दत्ताजी. पाचही सामने हरले, पण पाचही पराभव दत्ताजींच्या खात्यात घालणं चूक आहे.

१९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात तर तात्पुरती सोय कायमची झाली. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. तिसऱ्या कसोटीपासून सूत्रं आली २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडींकडे. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. पतौडींनी एकूण ४० कसोट्यांत भारताचं नेतृत्व केलं.