'चर्च' शब्दाची पार्श्वभूमी : वास्तू की मंडळी?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो, 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन.' मराठी बायबलमध्ये येथे 'मंडळी' हा शब्द आहे, तर १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये त्याच जागी 'चर्च' आहे. मराठी वाचकाला हा फरक लगेच खटकतो, कारण आपल्या बोलण्यात मंडळी म्हणजे माणसे आणि चर्च म्हणजे मनोरा, घंटा आणि बाकांच्या रांगा असलेली वास्तू. एकाच ग्रीक शब्दासाठी एका भाषेने माणसांचे नाव वापरावे आणि दुसरीने घराचे, असे का झाले, हे समजून घ्यायचे तर 'चर्च' शब्दाचा सुमारे सतराशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

मूळ ग्रीक वचनात 'एक्लेसिया' हा शब्द आहे. ख्रिस्ताच्या कितीतरी शतके आधीपासून तो ग्रीक नगरराज्यांच्या रोजच्या कारभारातला शब्द होता. अथेन्समध्ये पुरुष नागरिकांची जी सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरे आणि युद्ध, तह, कायदे यांवर हात वर करून निर्णय घेई, तिचे नाव एक्लेसिया. काही विशेष ठरावांसाठी तिच्यात सहा हजार नागरिकांचे मतदान आवश्यक असे. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा इस्राएल लोकांच्या देवासमोरील मेळ्यासाठी अनेक ठिकाणी हाच शब्द योजला गेला, आणि तेथून तो नव्या करारात आला. 'बाहेर बोलावून घेतलेले लोक' असा त्याचा अर्थ प्रवचनांतून पुष्कळदा सांगितला जातो. शब्दाची फोड म्हणून ते खरे आहे. पण ऐकणाऱ्या ग्रीक माणसाच्या मनात त्या काळी ही फोड येत नसे. मराठी माणूस 'सभा' म्हणताना जसा तिच्या धातूचा विचार करत नाही, तसेच ते होते.

हा शब्द किती साधा होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातून उत्तम कळते. इफिस येथे अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारे कारागीर पौलाच्या उपदेशामुळे धंदा बुडेल या भीतीने खवळतात. सारे शहर नाट्यगृहात लोटते, 'इफिसकरांची अर्तमी थोर' अशा घोषणा दोन तास चालतात, आणि आपण कशासाठी जमलो आहोत हे बहुतेकांना ठाऊकही नसते. या गोंधळलेल्या जमावालाही मूळ ग्रंथात 'एक्लेसिया'च म्हटले आहे. उलट, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल प्रिस्किल्ला आणि अक्विला या दांपत्याला सलाम सांगतो आणि त्यांच्या घरात जमणाऱ्या एक्लेसियालाही सांगतो. घर वेगळे आणि त्यात जमणारी मंडळी वेगळी, हे त्या एका ओळीत स्पष्ट दिसते. पहिल्या दोन-अडीच शतकांत ख्रिस्ती लोक बहुधा अशा घरांतूनच भेटत असत. सिरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस येथे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात उत्खननात सापडलेली तिसऱ्या शतकातील वास्तू हेच दाखवते : एक राहते घर, त्यातली भिंत पाडून मोठी केलेली खोली, आणि शेजारी बाप्तिस्म्याच्या कुंडाची चित्रांनी सजवलेली लहान खोली.

'चर्च' मात्र एक्लेसियापासून आलेला नाही. त्याचे मूळ 'क्युरिआकोन' या दुसऱ्या ग्रीक शब्दात आहे. 'क्युरिओस' म्हणजे प्रभू आणि 'क्युरिआकोन' म्हणजे प्रभूचे. चौथ्या शतकाच्या सुमारास तो 'प्रभूचे घर' या अर्थाने प्रार्थनेच्या वास्तूला लावला जाऊ लागला. नव्या करारात हे विशेषण दोनदाच येते, एकदा प्रभुभोजनासाठी आणि एकदा प्रभूच्या दिवसासाठी, आणि दोन्ही ठिकाणी इमारतीचा संबंध नाही. ग्रीकांनी स्वतः हा शब्द फारसा चालवला नाही. पण उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांनी तो उचलला. कोणत्या वाटेने उचलला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी परिणाम उघड आहे : जर्मन 'किर्खे', डच 'केर्क', स्कॉटलंडमधला 'कर्क', स्वीडिश 'शिर्का' आणि जुन्या इंग्रजीतला 'चिरिचे' ही सारी एकाच घरची भावंडे. लॅटिनच्या छायेतल्या भाषांनी मात्र एक्लेसियाच ठेवला. त्यातून फ्रेंच 'एग्लीज', स्पॅनिश 'इग्लेसिया' आणि पोर्तुगीज 'इग्रेजा' झाले.

इंग्लंडमध्ये या दोन्ही धारा जमिनीवर उमटलेल्या आहेत. मँचेस्टरजवळच्या एकल्स या गावाच्या नावात एक्लेसियाच आहे. अँग्लो-सॅक्सन येण्यापूर्वीच्या ब्रिटन लोकांचा तो शब्द होता आणि वेल्श भाषेत 'एग्लुइस' म्हणून तो आजही जिवंत आहे. व्हिटचर्च म्हणजे पांढरे चर्च, हे नाव इंग्रजी वळणाचे. उत्तरेकडच्या कर्बी या गावांच्या नावांत व्हायकिंग वसाहतकऱ्यांचा 'किर्क्या' आहे. इ. स. ५९७ मध्ये रोमहून पाठवलेला ऑगस्टिन केंटमध्ये उतरला तेव्हा त्याच्या तोंडी लॅटिन 'एक्लेसिया' होता, तरीही इंग्रजांनी स्वतःचा 'चिरिचे' सोडला नाही. धर्म स्वीकारण्याआधीच या टोळ्यांना अशा वास्तू आणि त्यांचे नाव परिचित असले पाहिजे, असा तर्क त्यावरून केला जातो, आणि तो मला पटतो.

शब्द घरासाठी घेतला गेला, पण घरापुरता राहिला नाही. लॅटिन ग्रंथांचे अर्थ सांगताना 'एक्लेसिया' दिसला की इंग्रज धर्मगुरू 'चर्च' म्हणत. त्यामुळे वास्तू, तीत जमणारे लोक, जगभरचे सारे ख्रिस्ती, आणि पोप, बिशप, धर्मगुरू, जमिनी, न्यायालये यांसह उभी असलेली संस्था, हे सगळे अर्थ त्या एकाच शब्दात साचत गेले. मध्ययुगात 'चर्चने असे ठरवले' असे कोणी म्हणे तेव्हा निर्णय घेणारी माणसे नेमकी कोण, हे ऐकणाऱ्याला वेगळे विचारावे लागत नसे.

ही गुंतागुंत सोडवण्याचा पहिला धाडसी प्रयत्न विल्यम टिंडलने केला. त्याने नवा करार थेट ग्रीकवरून इंग्रजीत आणला आणि १५२६ साली जर्मनीतल्या वर्म्स येथे छापून घेतला. प्रती कापडाच्या गाठोड्यांत लपवून इंग्लंडमध्ये पोहोचवल्या जात. या भाषांतरात एक्लेसियासाठी 'चर्च' नव्हता, 'काँग्रिगेशन' म्हणजे जमलेली मंडळी होती. वाचायला हा लहानसा बदल आहे, पण त्याचा परिणाम दूरवर पोहोचणारा होता. आपल्या मंडळीतला कोणी चुकला तर 'मंडळीला सांग', असे येशूने सांगितले असेल, तर न्यायनिवाड्याचा अधिकार बिशपच्या न्यायालयाकडे कसा, हा प्रश्न नांगर धरणाऱ्या पोरालाही विचारता येणार होता. आणि त्या पोराला बायबल वाचता यावे, हीच तर टिंडलची आकांक्षा होती.

इंग्लंडमधला कॅथलिक विद्वान थॉमस मोर याने १५२९ मध्ये या भाषांतरावर कडक टीका केली. प्रत्येक चर्च ही मंडळी असते हे खरे, पण प्रत्येक मंडळी म्हणजे चर्च नव्हे, असा त्याचा मुद्दा होता. सामान्य शब्द वापरून पवित्र शब्दातले विशेषत्व पुसले जाते, अशी त्याची तक्रार होती. टिंडलने १५३१ मध्ये उत्तर दिले की तुमचा लाडका मित्र इरास्मस (डच विद्वान) यानेही लॅटिन भाषांतरात अनेक ठिकाणी 'काँग्रेगातिओ' लिहिले आहे, त्याला मात्र तुम्ही पाखंडी म्हणत नाही. भाषेपुरते पाहिले तर टिंडलची बाजू मला अधिक बळकट वाटते, कारण ज्या शब्दाने इफिसचा जमावही सांगता येतो तो मुळात सामान्यच शब्द आहे. पण मोरच्या आक्षेपात तथ्य नाही असेही नाही. शब्द वापरणाऱ्यांच्या हाती तो घडत जातो, आणि पंधराशे वर्षांच्या वापराने ख्रिस्ती माणसाच्या कानी एक्लेसिया ही केवळ सभा राहिली नव्हती. या वादातल्या दोघांनाही प्राण गमवावे लागले. राजाला चर्चचा सर्वोच्च प्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळे मोरचा १५३५ मध्ये शिरच्छेद झाला. टिंडलला १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ फिलफोर्ड येथे गळा आवळून मारले गेले आणि नंतर देह जाळण्यात आला.

टिंडलचा शब्द १५३९ च्या 'ग्रेट बायबल'मध्ये टिकला. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये 'चर्च' परतला, आणि तोही धर्मसुधारकांच्याच हातून. राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये नवे भाषांतर हाती घेतले तेव्हा भाषांतरकारांना जे नियम घालून दिले गेले, त्यांतला तिसरा नियम थेट याबद्दल होता : जुने धार्मिक शब्द राखावेत, म्हणजे 'चर्च'चे भाषांतर 'काँग्रिगेशन' असे करू नये. निर्णय भाषाशास्त्राचा नव्हता, राज्यकारभाराचा होता. ज्या राजाला 'बिशप नाही तर राजा नाही' असे वाटत होते, त्याला संस्थेचे नाव शाबूत हवे होते. गमतीची बाब अशी की याच १६११ च्या भाषांतरात इफिसच्या प्रसंगी मंदिरे लुटणाऱ्यांना 'चर्च लुटणारे' म्हटले आहे. म्हणजे अर्तमी देवीचे देऊळही त्या एका ठिकाणी चर्च झाले. वास्तूचा अर्थ इंग्रजी मनात किती खोल होता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडणार नाही.

वाद संपला नाही, त्याने रूप पालटले. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स गावागावांतल्या वास्तूंना चर्च म्हणायला नकार देई. त्याच्या लेखी ती 'मनोऱ्याची घरे' होती, कारण चर्च म्हणजे माणसे. राजमान्य चर्चबाहेरच्या इतर पंथांनी आपल्या वास्तूंना 'चॅपल' किंवा 'सभागृह' म्हटले, आणि प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्यांनी तर टिंडलचाच शब्द आपल्या पंथाच्या नावात घेतला, तेच काँग्रिगेशनलिस्ट.

आपल्या किनाऱ्यावर आधी पोहोचला तो पोर्तुगीजांचा शब्द. 'इग्रेजा'चे गोव्यात 'इगर्ज' झाले, आणि उत्तर भारतातला 'गिरजा' तिथूनच आला. त्याचा पार्वतीच्या गिरिजा या नावाशी संबंध नाही. इंग्रजी 'चर्च' मुंबईच्या कोटात सेंट थॉमस या देवालयाबरोबर रुजला. गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए याच्या काळात पाया घातले गेलेले आणि मग दीर्घकाळ अर्धवट पडून राहिलेले हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. त्याच्या दिशेने जाणाऱ्या कोटाच्या दरवाजाला चर्चगेट म्हणू लागले. कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या गेल्या, दरवाजाच्या जागी फ्लोरा फाउंटन आले, आणि नाव मात्र पश्चिमेला सरकून रेल्वे स्थानकाला चिकटले. आज स्थानकातून उतरून चर्च पाहायला निघालेल्या माणसाला वीर नरिमन मार्गाने कारंजे ओलांडून हॉर्निमन सर्कलपर्यंत चांगलेच चालावे लागते. दादरला तर आणखी एक थर चढला आहे : पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या ज्या जागेला ते स्वतः इग्रेजाच म्हणत असणार, तिला मुंबईकर 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात, म्हणजे संस्थापक पोर्तुगीज आणि नाम इंग्रजी. वसईच्या ख्रिस्ती घरांत मात्र 'देऊळ' हा घरचा शब्दही ऐकू येतो.

वास्तूसाठी इतके शब्द हाताशी असल्यामुळे मराठीत माणसांसाठीचा शब्द मोकळा राहिला. 'मंडळी' हा कीर्तनाला बसलेल्यांचा, लग्नाला आलेल्यांचा, किर्लोस्करांच्या नाटकांचा आणि 'घरची मंडळी' म्हणताना नात्याचा शब्द; मोरला तो नक्कीच फार सामान्य वाटला असता. बायबलच्या मराठी भाषांतरात तोच एक्लेसियासाठी रूढ झाला, आणि कॅथलिक परंपरेत त्याच्या बरोबरीने 'ख्रिस्तसभा' चालते. १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक प्रामुख्याने काँग्रिगेशनलिस्ट होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. संस्थेच्या अर्थाने मात्र मराठीनेही इंग्रजी शब्दच ठेवला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथसमूह एकत्र येऊन जी संस्था झाली, तिला मराठी माणूसही 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' याच नावाने ओळखतो.

त्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा एक मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्याला नाव देताना त्यांनी 'चर्च' घेतला नाही, 'मंडळी'ही घेतली नाही. ते त्याला 'देवाचा दरबार' म्हणाले.