समुद्रावरची जहाजं पावसासाठी का अडतात?

२०२३ मध्ये पनामा कालव्याच्या तोंडाशी जहाजांची रांग लागली. कारण काय, तर पाऊस कमी झाला. दोन्ही टोकांना महासागर, आणि टंचाई पाण्याची! दोन समुद्रांची पातळी वेगळी म्हणून तिथे दरवाजे बसवलेत, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं कारण मधला गाटून तलाव. चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेला हा तलाव समुद्रापेक्षा सुमारे २६ मीटर उंच आहे. जहाजाला तेवढं चढून पलीकडे उतरावं लागतं.

चढायचं ते लॉकमधून. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबलचक हौद. जहाज आत आलं की मागचा दरवाजा बंद करतात, झडपा उघडतात, वरचं पाणी आपल्या ओढीनं हौदात उतरतं आणि जहाज वर येतं. पंप लागत नाही. मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. तरंगणारं जहाज आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, आणि पातळी चढताना तेवढंच सारत राहतं. त्यामुळे हौदात छोटी होडी असो की पन्नास हजार टनांचं जहाज, पातळी आठ मीटर चढवायला ओतावं लागणारं पाणी अगदी तेवढंच! ते ठरतं हौदाच्या क्षेत्रफळावर.

म्हणजे जहाज उचलण्याची किंमत पाणी आपली उंची देऊन मोजतं. धरणातही तेच घडतं. टर्बाइनमधून गेलेल्या पाण्यातलं ‘सत्त्व’ निघून जातं, असं अजूनही सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. पाण्यानं गमावलेली असते ती उंची.

दोन दरवाज्यांचं लॉक पहिल्यांदा बांधलं चीनमध्ये, इ.स. ९८४ च्या सुमारास, च्याओ वेइयुए या अधिकाऱ्यानं. तोवर धान्याच्या नावा उतरणीवरून ओढून नेत. त्यात नावा फुटत आणि धान्य चोरीला जाई. च्याओच्या लॉकचे दरवाजे वर उचलून उघडायचे होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये, लिओनार्दो दा विंचीच्या काळात, दोन झापांचा दरवाजा आला. त्याची झापं सरळ रेषेत मिटत नाहीत. वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकांना टेकतात. दहा मीटर रुंद दरवाज्यामागे दहा मीटर खोल पाणी असेल, तर त्याचा रेटा होतो जवळपास ५०० टन. हाच रेटा झापं घट्ट दाबून धरतो. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की तो नाहीसा होतो.

पनामात एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला जातं, आणि आसपासची शहरं पितात तेही याच तलावाचं. म्हणून २०१६ मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकशेजारी टाक्या आहेत. हौद रिकामा होताना पाणी आधी त्यांत उतरतं, आणि हौदातल्या पाण्यापैकी सुमारे ६० टक्के पुढच्या खेपेला परत वापरलं जातं. तेही पंपाशिवाय.