ऑन-कॉल पाळीवरील देखरेख (निवासी वैद्यकीय प्रशिक्षण)

एमडी, एमएस या पदव्युत्तर पदव्या किंवा त्यापुढचे डीएम, एमसीएच करणारे निवासी डॉक्टर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी जे निर्णय घेतात, त्यांवर वरिष्ठांनी ठेवलेले लक्ष आणि गरज पडताच खाटेशी येऊन दिलेली साथ, म्हणजे ही देखरेख. रुग्ण सुरक्षित राहावा आणि शिकणाऱ्याच्या हाती झेपेल एवढी, पण खरी जबाबदारी यावी, असे तिचे दोन हेतू असतात.

मुंबईत केईएम, नायर, शीव ही पालिकेची आणि जेजे हे राज्य शासनाचे रुग्णालय युनिट पद्धतीने चालते: एका विभागात प्रमुख, शिक्षक आणि निवासी डॉक्टर यांचे वेगवेगळे गट (युनिट) असतात. प्रत्येक युनिटला आठवड्यातला एक इमर्जन्सी दिवस ठरलेला. रविवार पाळीपाळीने येतो. त्या दिवशी दाखल होणाऱ्या रुग्णाला प्रथम जेआर-१ (पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट) पाहतो. त्याच्यावर जेआर-२ आणि जेआर-३, मग सीनियर रेसिडेंट (एमडी-एमएस झालेला), मग सहायक प्राध्यापक (बोलण्यात अजूनही लेक्चरर), आणि शेवटी युनिटप्रमुख. प्रत्यक्षात देखरेखीचा बहुतेक भार जेआर-३ उचलतो, आणि तोही विद्यार्थीच असतो. म्हणून त्याच्या वरची पायरी रात्री कुठे आहे, इमारतीत की घरी, हे पाळी सुरू होण्यापूर्वी सर्वांना माहीत असावे लागते.

पद्धत कोलमडते ती बहुधा एकाच जागी: फोन करायला उशीर होतो. ‘एवढ्यासाठी उठवायचे का’ हा संकोच, ओरडा बसण्याची भीती, आणि आपल्याला जमायला हवे ही समजूत. उपाय साधा आहे. कळवायचे की नाही हे डॉक्टरच्या धीरावर न सोडता निकष आधी लिहून लावावेत: सिस्टोलिक रक्तदाब ९०च्या खाली, ऑक्सिजन देऊनही रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण (संपृक्तता) ९० टक्क्यांच्या खाली, शुद्धीच्या जीसीएस गुणांत दोनने घट, लघवी दर किलो वजनामागे तासाला ०.५ मिलीहून कमी. श्वासनलिकेत नळी घालणे, इनोट्रोप (हृदयाचे आकुंचन वाढवून रक्तदाब टिकवणारे औषध) सुरू करणे, शस्त्रक्रियेचा निर्णय, रुग्णाचे सल्ल्याविरुद्ध घरी जाणे आणि मृत्यू, हे प्रत्येक वेळी कळवायचेच.

पावसाळ्यात याची कसोटी लागते. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) एकदम येतात, खाटा संपून जमिनीवर गाद्या पडतात. तापाच्या रुग्णाचे प्लेटलेट पाहण्यात सगळे गुंतलेले असताना एखाद्या लेप्टोच्या रुग्णाचा श्वास मिनिटाला ३०वर जातो, थुंकीत रक्ताची रेघ दिसते. हा फुफ्फुसातला रक्तस्राव असू शकतो आणि काही तासांत व्हेंटिलेटर लागू शकतो. संपृक्तता अजून ९४ आहे म्हणून थांबणे ही इथली नेहमीची चूक. म्हणून आकड्यांबरोबर ‘काहीतरी बिनसलेय असे वाटले’ हेही फोन करायला पुरेसे कारण मानावे.

ईसीजीचा फोटो पाठवून सल्ला घेणे आता सर्रास चालते आणि उपयोगीही आहे. पण फोटोत पोट दाबून पाहता येत नाही, थकलेला श्वास दिसत नाही. एकाच रुग्णासाठी दुसऱ्यांदा फोन आला, तर वरिष्ठाने खाटेशी यावे. दूरच्या उपनगरात राहणाऱ्याला मध्यरात्रीनंतर लोकल बंद असताना ते अवघड, म्हणून पहिला ऑन-कॉल शिक्षक रुग्णालयातच थांबलेला बरा. फोनवरचा सल्ला वेळ आणि नावासह केसपेपरवर लिहायचा.

कामाचे तास हा याचाच भाग. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या रुग्णालयात दाखल असलेल्या तरुणीच्या मृत्यूनंतर ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) लांब पाळ्या आणि अपुरी देखरेख या दोन्हींवर बोट ठेवले. तिथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि तीच लक्षात राहिली. भारतात १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग १२ आणि आठवड्याला ४८ तास सांगितले होते. २०२३च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत ‘वाजवी तास’ एवढेच आहे. इमर्जन्सीची रात्र जागून दुसऱ्या दिवशीची ओपीडी करणाऱ्याला आपली मर्यादा ओळखता येत नाही. त्यामुळे फोनची वाट न पाहता वरिष्ठाने रात्री ११च्या सुमारास वॉर्डची फेरी मारावी, पहाटे ३ वाजता स्वतः फोन करावा, आणि ‘काही अडचण?’ असे न विचारता ‘सर्वांत नाजूक तीन रुग्ण कोणते?’ असे विचारावे.