नाव कमी करायचं राहिलं

हिशेब विभागातल्या मॅडमचा फोन आला, एक्सेल उघडत नाही म्हणून. म्हटलं, थांबा, रिमोट घेतो. लॅपटॉपवर चिकटवलेल्या लेबलावरचं नाव विचारून टाइप केलं आणि समोर भलत्याच कोणाची तरी स्क्रीन आली. गृहकर्जाचा हप्ता काढायचं कॅल्क्युलेटर, मुदत वीस वर्षं, खाली कोपऱ्यात क्रिकेटचा स्कोअर. ‘परवानगी द्यायची का?’ ही खिडकी त्या गृहस्थाकडे गेली होती आणि आयटीचं काहीतरी असेल म्हणून त्याने ‘हो’ दाबून टाकलं होतं. इकडे मॅडम फोनवर, “अहो, माझ्याकडे तर काहीच हललं नाही.”

नाव मी बरोबर टाकलं होतं. त्या नावापुढे लिहिलेला पत्ता मात्र आता दुसऱ्याचा होता.

नेटवर्कवर यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, १९२.१६८.१०.४७ अशा. माणसांना नावं लागतात. नाव दिलं की आकडा सांगणारी वही म्हणजे डीएनएस. इंटरनेटची वही जगभर विखुरलेली असते, पण बहुतेक मोठ्या ऑफिसांत स्वतःची एक छोटी वही आतल्या सर्व्हरवर असते. प्रिंटर, फाइल सर्व्हर, हजेरीचं यंत्र, प्रत्येकाचा लॅपटॉप, सगळ्यांची नावं तिच्यात. इंटरनेट धडधाकट चालू असताना ‘प्रिंटर सापडत नाही’ अशी ओरड झाली, तर मी आधी ही वही उघडतो.

सुरुवातीला सगळ्या जगाची वही एकच होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या, सगळ्या संगणकांची यादी एका फाइलीत ठेवत. नवीन संगणक जोडायचा तर कामाच्या वेळेत तिथे फोन करून नाव नोंदवायचं, मग बाकीच्यांनी ती फाइल आपल्याकडे उतरवून घ्यायची. अर्थातच प्रत्येकाकडची प्रत थोडी शिळी असायची. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज चालते ती व्यवस्था मांडली. एक वही मोडून अनेक केल्या, ज्याची नावं त्याने सांभाळायची, आणि प्रत्येक उत्तरासोबत एक मुदत जोडली. एवढे सेकंद हे उत्तर खरं धरा, नंतर पुन्हा येऊन विचारा. या मुदतीला टीटीएल म्हणतात. मला विचाराल तर सगळ्या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच. शिळं उत्तर अटळ आहे हे तिने मान्य केलं आणि शिळेपणाला तारीख लावली.

पण ही तारीख वहीतून बाहेर गेलेल्या उत्तराला असते. मूळ वहीतल्या नोंदीला ती लागू नाही. तिथे लिहिलेलं कोणी खोडेपर्यंत तसंच राहतं. माझ्या मॅडमचा घोळ तिथेच होता.

झालं होतं असं. त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, नवी बसवली, विंडोज नव्याने टाकलं. कोणीतरी (मीच) डोमेनमधलं, म्हणजे ऑफिसच्या संगणकांच्या सामायिक नोंदवहीतलं, त्या लॅपटॉपचं जुनं खातं काढून त्याच नावाचं नवं खातं केलं. विंडोजच्या नेटवर्कात संगणक स्वतःची नोंद स्वतःच लिहितो, आणि सुरक्षेसाठी नियम असा की ज्याने नोंद लिहिली त्यानेच ती बदलायची. जुन्या नोंदीची मालकी जुन्या खात्याकडे. नवं खातं नावाने तेच असलं तरी सर्व्हरच्या लेखी परकं. लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला, त्याने नोंद बदलायला हात घातला, सर्व्हरने नाही म्हटलं आणि कोणालाच काही कळलं नाही. जुना पत्ता दरम्यान गृहकर्जवाल्याच्या लॅपटॉपला मिळून गेला.

गावाकडे ज्याने सातबाऱ्याचं काम केलंय त्याला हे नवं नाही. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, जमीन नातू कसतो, उताऱ्यावर अजून आजोबाच. वारस समोर उभा असतो, पण फेरफार झाल्याशिवाय कागदाला तो दिसत नाही. २०२५ मध्ये महसूल विभागाला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्यासाठी. ‘नाव कमी करणे’ हा तलाठी कार्यालयातला शब्दप्रयोग मला फार आवडतो. नाव लावायला माणूस स्वतः धावत येतो. कमी करायला कोण येणार?

विंडोज सर्व्हरमध्ये अशी मोहीम आपोआप चालवायची सोय आहे, स्कॅव्हेंजिंग म्हणतात तिला. संगणकाने स्वतः लिहिलेल्या नोंदीवर वेळेचा शिक्का पडतो. चालू संगणक साधारण रोज एकदा ‘मी आहे’ असं सांगत असतो. पहिले ७ दिवस सर्व्हर त्याकडे लक्षच देत नाही, कारण दर वेळी शिक्का बदलला तर तो बदल बाकीच्या सर्व सर्व्हरांना कळवत बसावं लागतं. पुढच्या ७ दिवसांत हाक आली तर नवा शिक्का. नाही आली तर १४ दिवसांनी नोंद मयत ठरते, आणि सफाईची फेरी दर ७ दिवसांनी असल्याने प्रत्यक्षात पुसायला तीन आठवडेही लागतात. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पत्ते वाटणारी यंत्रणा, डीएचसीपी, विंडोज सर्व्हरवर मुळात ८ दिवसांसाठी पत्ता देते. नवव्या दिवशी तो पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो. म्हणजे खोली आठ दिवसांत रिकामी करून भाड्याने द्यायची आणि दारावरची पाटी तीन आठवड्यांनी काढायची. हे दोन आकडे एकमेकांना जुळवून घेतलेली ऑफिसं मी फार थोडी पाहिलीत. त्यात स्कॅव्हेंजिंग मुळात बंदच असते. ती झोनवर, म्हणजे वहीच्या त्या भागावर, वेगळी आणि सर्व्हरवर वेगळी चालू करावी लागते, आणि एक केलं की झालं असं वाटून बरेच जण तिथेच थांबतात.

हाताने घातलेल्या नोंदींना शिक्का नसतो, त्यांना सफाई हात लावत नाही. हे योग्यच आहे, कारण फाइल सर्व्हर, प्रिंटर यांच्या नोंदी सहसा हातानेच घातलेल्या असतात. पण सगळ्या नोंदींवर एकदम शिक्का मारणारी एक कमांड आहे. जुना कचरा एका झटक्यात काढायच्या उत्साहात ती चालवली, की हाताने घातलेल्याही नोंदींचं घड्याळ सुरू होतं. प्रिंटर काही ‘मी आहे’ सांगायला येत नाही. दोन-तीन आठवडे सगळं छान, मग एके सकाळी धडधाकट सर्व्हर कागदोपत्री मयत.

मॅडमचं काम पाच मिनिटांत झालं. जुनी नोंद हाताने पुसली, त्यांना काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ आणि पुढे ‘रजिस्टर-डीएनएस’ची कमांड टाइप करायला सांगितली, नवी नोंद आली. तरी माझ्या संगणकावर पुन्हा गृहकर्जच. कारण जुनं उत्तर माझ्या संगणकाने जपून ठेवलं होतं, आणि अशा नोंदींची मुदत विंडोज २० मिनिटं ठेवतं. ती साठवण रिकामी केली तेव्हा कुठे मॅडमचं एक्सेल दिसलं.

वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडनच्या ‘.एसई’ या देशपातळीवरच्या वहीत एक ठिपका राहून गेला. अशा फाइलीत पूर्ण नावाच्या शेवटी ठिपका द्यावा लागतो. नाही दिला, तर सर्व्हर समजतो की नाव अर्धवट आहे आणि झोनचं नाव मागे जोडतो. फाइल तयार करणाऱ्या स्क्रिप्टने तो ठिपका घातला नाही आणि सर्व्हरांच्या नावांना एकेक ‘एसई’ जास्तीचं चिकटलं. त्या शेपटाखालची झाडून सगळी संकेतस्थळं आणि ईमेल पत्ते बेपत्ता. मूळ फाइल तासाभरात दुरुस्त झाली, पण चुकीची उत्तरं तोवर जागोजागीच्या सर्व्हरांत जाऊन बसली होती, आणि मुदत संपेपर्यंत किंवा कोणी साठवण रिकामी करेपर्यंत ती तिथेच राहिली.

म्हणून सर्व्हर हलवायचा असेल तर अनुभवी माणूस आदल्या दिवशीच त्या नोंदीची मुदत ८६,४०० सेकंदांवरून, म्हणजे एका दिवसावरून, ३०० वर आणतो. ऐन वेळी आणून उपयोग नाही, कारण लोकांनी आधी नेलेल्या उत्तरांवर जुनीच मुदत असते. आणि शक्य तिथे यंत्राऐवजी कामाला नाव द्यावं. लोकांना ‘फाइल्स’ हे नाव माहीत असू दे, ते टोपणनावाच्या नोंदीने, सीनेमने, आजच्या यंत्राकडे वळवता येतं, उद्या दुसऱ्याकडे.

त्या दिवसानंतर मी सगळी वही वाचून काढली. ‘टेस्ट-२’ नावाची एक नोंद होती, हाताने घातलेली, कोणी घातली ते कोणालाच आठवेना. तिच्या पत्त्यावर पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर नाही. पुसणारच होतो, पण आधी आठवडाभर सर्व्हरवर चौकशांची नोंद चालू ठेवली. रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी ‘टेस्ट-२’ कुठे आहे असं विचारत होतं. माग काढला तर हजेरीचं यंत्र निघालं, त्याचा बॅकअप तिकडे जायचा. निदान तसा कोणीतरी ठरवला होता. ते यंत्र बसवणारा ठेकेदार आता फोन उचलत नाही, पासवर्ड त्याच्याकडेच. नोंद मी ठेवली आहे, फक्त तिच्यापुढचा पत्ता आता चालू असलेल्या एका डिस्कचा आहे.