इलेक्ट्रॉनिक्सची लॅब आणि डेडस्टॉक रजिस्टर : थोडी पार्श्वभूमी

लॅब संध्याकाळीही उघडी ठेवा, बोर्ड-बिर्ड घरी न्यायला द्या, ही मागणी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी येते आणि दरवर्षी नाही म्हटलं जातं. नाही म्हणायला पुढे असतो लॅब असिस्टंट, त्यामुळे शिव्याही त्यालाच बसतात. पण त्या नकारामागे चाळीसेक वर्षांची कागदपत्रं आहेत आणि ती बघितल्याशिवाय हा वाद कळत नाही. खाली जे लिहितोय ते मुख्यतः महाराष्ट्रातली विद्यापीठं आणि त्यांची संलग्न कॉलेजं यांच्याबद्दल.

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जमाना सोडून देतो. इलेक्ट्रॉनिक्स बराच काळ फिजिक्सच्या पोटातच होतं, लॅब म्हणजे फिजिक्सच्या हॉलमधली दोन-तीन टेबलं. 741 (सिग्नल वाढवणारी आयसी) आला 1968 मध्ये, 555 (टायमरची आयसी) आला 1972 मध्ये, आपल्याकडे ते हातात पडायला आणखी काही वर्षं गेली कारण आयातीचं सगळं परवान्यावर. पार्ट लागले की मुंबईत लॅमिंग्टन रोड नाहीतर पुण्यात तपकीर गल्ली. सर्किट डिपार्टमेंटमध्येच बनायची, प्लायवूडवर टर्मिनल ठोकून, मागे सोल्डरिंग करून, आणि बिघडली की बनवणाराच दुरुस्त करायचा. थोडक्यात, लॅब चालवणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स यावंच लागायचं.

खरी उलथापालथ 1983 नंतरची. राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि थोड्याच वर्षांत इलेक्ट्रॉनिक्स शाखा जिकडेतिकडे निघाली. 1987 च्या कायद्याने केंद्रातल्या तंत्रशिक्षण परिषदेला (एआयसीटीई) वैधानिक अधिकार मिळाले, इकडे विद्यापीठाची एलआयसी म्हणजे स्थानिक चौकशी समिती होतीच. समिती येणार, यादी हातात घेऊन लॅबमध्ये फिरणार, प्रयोग किती, प्रत्येक प्रयोगाचे सेट किती, वीसच्या बॅचला पुरतात का. आता समितीला अर्ध्या तासात मोजता येईल असं काय असतं? रेझिस्टरचे ड्रॉवर नाही मोजता येत. भिंतीला लावून ठेवलेले डबे मोजता येतात, वर सर्किट छापलेलं, सॉकेटं दिलेली, पॅच कॉर्ड म्हणजे जोडायच्या वायरी लावा, रीडिंग घ्या. हाच तो ट्रेनर किट. एक प्रयोग एक किट, एक बिल, एक नंबर.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्याबद्दल सिलॅबसच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही पण लॅबमध्ये रोज तीच चालते. आलेली वस्तू डेडस्टॉकला चढवायची की कन्झ्युमेबलला?

डेडस्टॉक म्हणजे सरकारी भाषेत जडवस्तू संग्रह नोंदवही. त्यात चढलं की वस्तूवर ऑइलपेंटने नंबर पडतो, दरवर्षी पडताळणी, हरवली तर खुलासा, आणि ज्याच्या नावावर चार्ज म्हणजे जबाबदारी आहे त्याला रिटायर होताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते नाहीतर नो ड्यूज अडकतं. कन्झ्युमेबलला यातलं काही नाही, आलं, वापरलं, संपलं, इश्यूची नोंद केली की झालं. स्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण) डेडस्टॉक आणि ट्रान्झिस्टर कन्झ्युमेबल इथपर्यंत कुणाचंच दुमत नाही. भांडण मधल्या वस्तूंचं. ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डरिंग न करता पार्ट खोचून सर्किट जोडायची पट्टी? दोन टर्ममध्ये त्याच्या आतल्या क्लिपा ढिल्या होतात, सर्किट बरोबर असून आउटपुट येत नाही, म्हणजे तो वापरून संपणाराच माल झाला, पण कितीतरी ठिकाणी तो डेडस्टॉकला चढवलाय. स्कोपचा प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायची वायर? स्वतंत्र घेतला तर काय, स्कोपसोबत आला तर काय? स्वस्तातला मल्टिमीटर? याला राज्यभर एकच उत्तर कधीच नव्हतं, ऑडिटला आलेला माणूस काय म्हणेल याच्या भीतीवर ते ठरायचं, आणि भीती असली की माणूस डेडस्टॉकच लिहितो. एकदा लिहिलं की बाहेर काढायचा रस्ता म्हणजे निर्लेखन : प्रस्ताव, समिती, किंमत ठरवणं, मंजुरी, लिलाव. फुटक्या ब्रेडबोर्डासाठी एवढं कोण करणार, तो कपाटात राहतो आणि नव्याची मागणी टाकली की वरून विचारणा येते की तुमच्याकडे वीस शिल्लक दिसतायत.

माझं मत विचाराल तर किटचा शिरकाव शिक्षणापेक्षा या रजिस्टरमुळे जास्त झाला. ग्रांट मार्च एन्डच्या आत संपवायची, तीन कोटेशन, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, सगळ्यात कमी दर. दहा किटांची ऑर्डर एका कागदावर बसते. दोनशे प्रकारचे रेझिस्टर-कपॅसिटर-आयसी यांची कोटेशनं गोळा करून बघा एकदा. किटच्या बाजूनेही म्हणण्यासारखं आहे, दोन तासांत वीस पोरांकडून रीडिंग, ग्राफ आणि सही हे सगळं उरकायचं असेल तर सुट्या वायरींचा घोळ परवडत नाही हे खरंच. पण मग पोरगं तीन वर्षं पॅच कॉर्ड खोचतं आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आयसीचा एक नंबरचा पिन कुठला ते विचारतं.

8085 या मायक्रोप्रोसेसरचं उदाहरण घ्या. चिप 1976 ची. किटवर हेक्स कीपॅड, सात-सेगमेंटचा लाल डिस्प्ले, पत्ता टाकायचा, 3E (आकडा भरायची आज्ञा) दाबायचं, नेक्स्ट, डेटा, नेक्स्ट, असं करत शेवटी 76 (थांबायची आज्ञा). मध्ये लाइट गेली की सगळं परत पहिल्यापासून. शिकायला ते वाईट होतं असं नाही, मशीनच्या आत काय चाललंय ते त्यातून जेवढं कळतं तेवढं आजच्या आयडीईमधून (प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) कळत नाही. पण उद्योगात 8085 केव्हाच मागे पडला तरी लॅबमध्ये तो पुढे कितीतरी वर्षं राहिला याचं एक कारण असं की किट चालू स्थितीत होते, डेडस्टॉकला होते, चालू वस्तू निर्लेखित करायला सहसा कुणी धजत नाही, आणि मग सिलॅबस बदला म्हटलं की कॉलेजांकडून प्रश्न येतो की आमच्या किटांचं काय करायचं.

स्कोपचं त्यामानाने सोपं गेलं. 20 मेगाहर्ट्झचे ड्युअल ट्रेस सीआरओ म्हणजे पिक्चर ट्यूबवाले जुने स्कोप, ट्रेस सापडत नाही म्हणून इंटेन्सिटी फुल फिरवणारी पोरं, त्यामुळे जळलेले पडदे, हे सगळं 2010 च्या आसपास स्वस्त डिजिटल स्कोप आल्यावर हळूहळू गेलं. आता ऑटोसेट दाबतात, सेटिंग स्कोप स्वतःच करतो.

नवा गोंधळ आर्डुइनोने घातला. 2005 साली इटलीत निघालेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, त्याच्या नकला काही शे रुपयांत मिळायला लागल्या. बोर्ड म्हणून बघितला तर डेडस्टॉक, किंमत बघितली तर कन्झ्युमेबल. जिथे हिंमत करून कन्झ्युमेबलला लिहिले तिथे ते डिपॉझिट घेऊन घरी जाऊ लागले, जिथे डेडस्टॉकला चढले तिथे ते नंबर टाकून कपाटात. सिलॅबस तोच, बोर्ड तोच.

वरून जेमवरची म्हणजे सरकारी ऑनलाइन पोर्टलवरची खरेदी, ती स्कोप-पॉवर सप्लायला ठीक, पन्नास 555 हवे असतील तर डोकं धरायची वेळ. 2011 च्या आणि मग 2016 च्या ई-कचरा नियमांत शैक्षणिक संस्था मोठे ग्राहक म्हणून धरल्या होत्या, म्हणजे जुना इलेक्ट्रॉनिक माल भंगारवाल्याला द्यायची सोय संपली, अधिकृत रिसायकलरसारखाच कुणी लागू लागला आणि नोंदी ठेवायला लागल्या. 2022 चे सुधारित नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. हेतू चांगलाच आहे, पण निर्लेखनाच्या फाइलला आणखी एक टप्पा वाढला.

व्हर्च्युअल लॅब, म्हणजे संगणकावर करायचे प्रयोग, 2009 पासून सरकारी खर्चाने तयार होत होत्या, फारसं कुणी उघडत नव्हतं, 2020 च्या लॉकडाउनमध्ये एकदम त्यांच्यावरच सगळी भिस्त आली. टिंकरकॅडवर (ब्राउझरमध्ये सर्किट जोडून बघायच्या साइटवर) सर्किट जोडून स्क्रीनशॉट पीडीएफ जर्नलमध्ये. त्या बॅचच्या हातात प्रोब आलाच नाही काही महिने.

आता नव्या शैक्षणिक धोरणाचा सिलॅबस, संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून. प्रॅक्टिकलचे क्रेडिट वाढले, एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला तीस तास, शिवाय कौशल्याचे वेगळे पेपर त्याच लॅबमध्ये. तास वाढले पण शिक्षकेतर भरती रखडलेली, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन-दोन लॅबचा चार्ज एकाच असिस्टंटवर आहे. संध्याकाळी लॅब उघडी ठेवायची तर आधी हे ठरवायला लागेल की सहानंतर किल्ली कुणाकडे आणि काही हरवलं तर रजिस्टरवर सही कुणाची, आणि त्यावर लेखी आदेश काढायला अजून बहुतेक ठिकाणी कुणी तयार नाही.